हल्ल्यानंतरची पहिली मिनिटे: जखमींचा रक्तस्राव कसा थांबवावा

युद्धात वाचवता आले असते अशा जखमींपैकी सर्वाधिक जण रक्तस्रावाने दगावतात. मांडीतील मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच प्राण जातो, त्यामुळे १०८ची रुग्णवाहिका पोहोचण्याआधी जवळ असलेल्या माणसाने काय केले, यावर पुष्कळ काही ठरते. कोल्हापुरात महापुराच्या वेळी सर्वांत आधी धावून जाणाऱ्या तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हे प्रशिक्षण अवश्य घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम स्वतःची जागा सुरक्षित आहे याची खात्री करावी. न फुटलेल्या वस्तूला हात लावू नये. मग जखम उघडी करून, हाताशी असेल ते स्वच्छ कापड, पंचा किंवा ओढणी तिच्यावर ठेवून दोन्ही हातांनी सलग दाबून धरावे. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी कापड वारंवार उचलणे ही सर्रास होणारी चूक आहे; त्याने धरू लागलेली गुठळी सुटते. काख किंवा जांघेतील खोल जखमेत कापड तळापर्यंत ठासून भरावे आणि वरून दाब द्यावा. छाती व पोटाच्या जखमेत मात्र काहीही कोंबू नये, आणि रुतलेला तुकडा उपसू नये.

हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधावी व तिच्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावी. दोरी किंवा तार वापरू नये, कारण ती मांसात रुतते. याने जखमीला असह्य वेदना होतात, तरीही पट्टी सैल करू नये. बांधल्याची वेळ ठळक लिहावी, कारण पुढील उपचार तिच्यावर अवलंबून असतात.

जखमीला पांघरूण घालावे, कारण शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. खायला-प्यायला देऊ नये.

जखमी अनेक असतील तर ओरडणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे जावे. तो सैनिक आहे की नागरिक, आपला आहे की शत्रूचा, यावरून क्रम ठरवू नये; १९४९ च्या जिनिव्हा करारांनीही हाच दंडक घातला आहे. चालू शकणाऱ्यांना जवळच्या दवाखान्यात पाठवावे, म्हणजे कोल्हापुरातील सीपीआरचा (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा) अपघात विभाग गंभीर जखमींसाठी मोकळा राहील.