कामावर बोटं चेपली, पैसे मात्र आजारपणाच्या दरानं: ईएसआयसीचा माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीत मोल्डिंग बॉक्स (ओतकामाच्या साच्याची पेटी) उतरवताना उजव्या हाताची दोन बोटं चेपली. ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे आले ते पगाराच्या ७० टक्क्यांनी, आजारपणाचा लाभ म्हणून. कामावरच्या दुखापतीला ९० टक्के मिळतात. दोनदा अर्ज केला, सर्टिफिकेट परत जोडलं. जीव मेटाकुटीला आला.

गोम वेगळीच होती: कारखान्यानं अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, पाठवलाच नव्हता.

आधी अपघात वहीतल्या (फॉर्म ११) नोंदीची प्रत घेतली. तारीख, वेळ, साक्षीदार तपासले. मग लेखी मागणी करून फॉर्म १२ भरायला लावला, पोच घेतली. शेवटी दोन्ही प्रती आणि पहिल्या दिवसाचा केसपेपर शाखा कार्यालयात दिला. फरक खात्यावर आला.

वहीतली नोंद लगेच करा. हात बांधलेला असेल तर तुमच्या वतीनं सोबत्यानं सांगितलं तरी चालतं.