गर्भपाताच्या गोळ्या घेण्याआधीची तयारी

आधी कॅलेंडर घेऊन बसा. दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून. पाळी दोन आठवडे लांबली असेल, तर सहा आठवडे झालेत असं धरा. आपल्याकडे या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत देतात.

मग डॉक्टर. मेडिकलमधून परस्पर पाकीट आणू नका, नवऱ्याने आणून दिलं तरी घेऊ नका. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. सोनोग्राफी त्यासाठीच. हिमोग्लोबिन आणि रक्तगटही तपासून घ्या. तांबी बसवलेली असेल, रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड चालू असेल तर न विचारताही सांगा. वय अठरा पूर्ण असेल तर सही फक्त तुमची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. लग्न झालेलं नसलं तरी हा हक्क तुम्हाला आहे आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे.

पाकिटात पाच गोळ्या असतात. पहिली मिफेप्रिस्टोनची. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती थांबवते. उरलेल्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, एक-दोन दिवसांनी, डॉक्टर सांगतील तशा घ्यायच्या. त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं, काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. पाळीपेक्षा जास्त जातं, गाठीही पडतात. थंडी वाजणं, जुलाब होणं हेही त्या दिवशी चालतं. म्हणून तो दिवस सुट्टीचा निवडा, विश्वासातलं माणूस सोबत ठेवा, मोठे पॅड आणि डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी हाताशी असू द्या.

रात्री उघडं असणारं जवळचं हॉस्पिटल आणि तिथे नेणारी गाडी आधीच ठरवा. तासाला दोन मोठे पॅड भिजले आणि असं सलग दोन तास झालं, चक्कर आली, दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, घाण वास आला, खांद्यात किंवा पोटाच्या एका बाजूला जोराची कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. चोवीस तासांत काहीच गेलं नाही तरी डॉक्टरांना फोन करा.

दोन आठवड्यांनी तपासणीला जायचंच. क्वचित गर्भ वाढत राहतो आणि औषधाने त्यात व्यंग येऊ शकतं. अशा वेळी पिशवी साफ करावी लागते. घरची लघवीची चाचणी मात्र तेव्हा करू नका, सगळं नीट झालं असलं तरी ती काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवते. पुढची पाळी येण्याआधीही पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत विचारून घ्या.