मृगाआधी गोठ्याची डागडुजी करताना वाळूमाशीचा विचार करा

खानापूरकडे जांभ्या चिऱ्यांचे आणि निपाणी-चिक्कोडीकडे मातीच्या भिंतींचे, घराला खेटून असलेले गोठे अजूनही पुष्कळ आहेत. मृग लागण्याआधी त्यांची डागडुजी आपण गळती थांबवण्यासाठी करतो. यंदा ती रोग पसरवणाऱ्या वाळूमाशीला आळा घालण्यासाठीही करावी, अशी कळकळीची विनंती आहे.

ही माशी जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची आणि केसाळ असते. तिन्हीसांजेनंतर बैलाच्या कुशीवर बॅटरीचा उजेड आडवा धरला, तर पंख उभे धरून बसलेली, फिकट रंगाची आणि हात नेताच आवाज न करता टुणकन उडी घेणारी माशी दिसते. तिच्या अळ्या पाण्यात नव्हे, तर शेण-मूत मुरलेल्या ओलसर मातीत वाढतात. त्यामुळे डबकी बुजवून डास कमी झाले, तरी ही कमी होत नाही.

तिला गोठ्यात आणतो तो वास. जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास तिला ओढतोच, पण माश्या एकमेकींनाही गंधाने बोलावतात. दक्षिण अमेरिकेतील लुट्झोमिया लाँजिपाल्पिस या जातीचा नर पोटाच्या वरच्या अंगावरील ग्रंथींतून असा गंध सोडतो, की त्यावर दुसरे नर आणि माद्या दोन्ही गोळा होतात. ब्राझीलमध्ये याच गंधाची कृत्रिम प्रत कोंबड्यांच्या खुराड्यांत लावून शेजारी कीटकनाशक फवारण्याचे प्रयोग झाले आहेत. त्याच जातीच्या अंड्यांनाही वास असतो आणि तो इतर माद्यांना तेथेच अंडी घालायला खुणावतो. भारतात काळा आजार (दीर्घ तापाचा जीवघेणा रोग) पसरवणारी फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही जात वेगळी असल्याने परदेशी गंधाच्या नावाखाली कोणी काही विकू लागल्यास घेऊ नये. मात्र आपल्या या जातीतही अंधार पडताच नर जनावरांवर जमतात, माद्या तेथे येतात आणि रक्त मादीच पिते; म्हणून माझ्या मते घराआधी गोठा हाती घ्यावा.

भेगा आणि चिऱ्यांमधील पोकळ्या माती-चुन्याने लिंपाव्यात. गव्हाणीखालची ओली माती खरवडून शेण रोज लांबच्या उकिरड्यावर टाकावे, आणि शेणींची रास भिंतीला टेकवून ठेवू नये. शेतातले औषध अंदाजाने गोठ्यात मारणे जनावरांच्या जिवावर बेतू शकते. फवारणी आरोग्य खात्याच्या सल्ल्यानेच करावी, आणि माशी उंच उडत नसल्याने ती भिंतीच्या खालच्या ६ फुटांवर नीट व्हावी. मुलांना गोठ्यालगतच्या सोप्यात निजवू नये. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी सहज आत शिरते, म्हणून बारीक विणीची किंवा औषध लावलेली घ्यावी.

नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेला विषाणू याच कुळातल्या माश्या पसरवतात आणि तो लहान मुलांना फार लवकर गाठतो. मुलाला अचानक मोठा ताप, उलट्या किंवा झटके आले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.