मिसिंग जात नसेल तर आधी कॉइलची अदलाबदल करा

जुन्या पेट्रोल गाडीचं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, प्लग बदलूनही जात नसेल, तर नवे पार्ट घेत सुटू नका. गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०२ कोड म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद करून दोन आणि तीनच्या कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर तीनवर गेला, तर कॉइलच खराब, पैसे वाचले. कोड हलला नाही, तर मग प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. दोन गोष्टी एकदम मात्र बदलू नका, दोष नेमका कशात होता ते कळतच नाही. प्लग काढलाय तर टोकही बघा: कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, तेलकट ओल असेल तर बहुधा रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत.