स्वस्त स्मारक नाणं घेताना आधी वजन पाहा

मिंटचं, म्हणजे सरकारी टाकसाळीचं, स्मारक नाणं बाहेर विक्रेत्याकडे कमी भावात मिळतंय म्हणून लगेच खिशात हात घालू नका. सोलापुरात नव्या पेठेत चादर घेतानाही आपण ती उलटीपालटी करून बघतो, मग हे तर चांदीचं नाणं!

नव्या संसद भवनाचं 2023 चं 75 रुपयांचं नाणं घ्या. वजन 35 ग्रॅम, त्यात चांदी निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्या दिवशीच्या चांदीच्या एका ग्रॅमच्या भावाने साडेसतराला गुणलं की धातूची किंमत कळते. विक्रेत्याचा आकडा त्याच्या किती वर आहे ते पाहा. ‘शुद्ध चांदी’ म्हणून कुणी हेच पुढे केलं तर सरळ निघा.

दुसरं म्हणजे तुलना सारख्याशी सारख्याची करा. प्रूफ नाणं आरशासारखं चकाकतं आणि महाग असतं. साधं अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं, नाणं त्याच्या निम्म्या भावात मिळालं तर ती सूट नव्हे. मिंटच्या किमतीत टपालखर्चही धरा; नाणं हातात यायला महिनेही लागू शकतात.

मिंटची मूळ पेटी नसेल तर मी घासाघीस करतो, कारण पुढे विकताना पहिला प्रश्न तिचाच येतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन मात्र पैसे देण्याआधीच करून घ्या. आणि पक्कं बिल मागा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला स्टॉल पुढच्या महिन्यात तिथे नसतो.