सीएचरूट म्हणजे तुरुंग नव्हे

परभणी, नांदेड, लातूरकडची जी पोरं सिस्टीम सिक्युरिटीत यायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी लिहितोय. लिनक्स आणि थोडं सी येतं असं धरून चालतो.

सीएचरूट 1979 च्या युनिक्स व्हर्जन 7 पासूनचं. प्रोसेसला फाइलसिस्टीमचं वेगळं मूळ दाखवायचं, एवढंच त्याचं काम. सुरक्षेसाठी ते नाही, हे लिनक्सच्या मॅन पेजवरच लिहिलंय. पण मॅन पेज वाचतं कोण? 'सीएचरूट म्हणजे तुरुंग' असं सांगणाऱ्या क्लासच्या नोट्स पाठ असतात ना.

मी फसलो ती जागा नीट बघा. टर्मिनलवर सीएचरूट कमांड चालवली, डॉट-डॉट करत वर जाऊन पाहिलं, जमेना. वाटलं, पक्कं आहे. पण ती कमांड गुपचूप स्वतःच नव्या मुळाशी जाऊन बसते. सीमधला सिस्टीम कॉल तसं करत नाही. तो फक्त मूळ बदलतो, चालू डिरेक्टरी होती तिथंच राहते. म्हणजे गढीच्या दरवाजाला कडी घातली आणि ज्याला कोंडायचं तो बाहेर पारावर बसलाय! डॉट-डॉट अडतं ते नवं मूळ वाटेत आलं तरच. प्रोसेस आधीच बाहेर असेल तर ते वाटेत येतच नाही, ती थेट खऱ्या मुळापर्यंत चढते. परत एकदा वाचा.

आत जाऊन बसवलं तरी प्रोसेस रूट युझरची असेल तर ती आत नवी डिरेक्टरी करते, तिच्यावर पुन्हा सीएचरूट मारते, स्वतः वरच थांबते. सुटली! बाहेरच्या डिरेक्टरीचा एखादा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला किंवा डिरेक्टरीला मिळणारा नंबर) उघडा राहिला तरी तेच.

तेव्हा सीएचरूट झालं की लगेच चालू डिरेक्टरी बदला, डिस्क्रिप्टर बंद करा, मग रूटचे अधिकार सोडा. आधी ग्रुप, नंतर युझर. उलट केलंत तर ग्रुप बदलायची ताकदच उरत नाही.

'आता कंटेनर आहेत, हे जुनं कशाला' म्हणणारा सीनियर भेटला तर खुशाल दुसरा शोधा. कंटेनर चालवणाऱ्या रनसी या साधनात 1.1.11 पर्यंत होस्टचा, म्हणजे मूळ मशीनचा, डिस्क्रिप्टर कंटेनरमध्ये गळत होता, त्यातून बाहेर पडता येत होतं. 2024 च्या जानेवारीत 1.1.12 मध्ये दुरुस्ती आली. दुखणं तेच जुनं.

घाबरू नका मात्र. यासाठी पुण्याचा महागडा क्लास लागत नाही, जुना लॅपटॉप आणि त्यात एक व्हर्च्युअल मशीन बास. आज एवढंच करा: एसट्रेस (प्रोग्राम कोणते सिस्टीम कॉल करतो ते दाखवणारं साधन) लावून सीएचरूट कमांड चालवा आणि सीएचरूटच्या पाठोपाठ डिरेक्टरी बदलणारा कॉल कुठं दिसतो ते शोधा.