जुनी फंक-सोल रेकॉर्ड घेताय? या चुका टाळा

फंक आणि सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांचं साठ-सत्तरच्या दशकांतलं ठेकेबाज संगीत. कव्हरवर साल १९७२ आणि मागे बारकोड, अशी ‘ओरिजिनल’, म्हणजे पहिल्या वेळी निघालेली, एलपी (मोठी बारा इंची रेकॉर्ड) कुणी हातात ठेवली तर हसून पुढे व्हा. रेकॉर्डच्या कव्हरांवर बारकोड दिसायला लागले ते सत्तरचं दशक संपता संपता. कव्हरवरचं साल बहुधा हक्कांचं असतं, तबकडी कधी काढली त्याचं नाही, आणि नंतरच्या आवृत्त्यांवर तेच साल जसंच्या तसं छापलं जातं. विकणारा फसवतोच असं नाही, पुष्कळदा त्यालाही पत्ता नसतो.

मग बघायचं कुठे? शेवटचं गाणं संपतं तिथून मधल्या कागदी लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, तिथे. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की त्यात कोरलेली अक्षरं आणि आकडे उमटतात. त्यात ‘स्टर्लिंग’ असा शिक्का असेल तर मास्टरिंग (तबकडी काढण्याआधी आवाजाला दिलेला शेवटचा हात) न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये झालेलं आहे. सीटीआय या कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या जॅझ-फंक एलपी घेताना ‘व्हॅन गेल्डर’ हा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा शिक्का शोधा. छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा असेल तर तबकडी लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली. त्या आकड्यावरून साल काढण्याचे तक्ते संग्राहकांनी बनवून ठेवले आहेत. इतकी माहिती कव्हर कधीच देत नाही.

सात इंची ४५ (मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड) घेताना तर हा पट्टा बघितल्याशिवाय पैशांच्या पाकिटाला हात लावू नका. इंग्लंडात नॉर्दर्न सोलचं, म्हणजे जुन्या दुर्लक्षित अमेरिकन सोल गाण्यांवर नाचण्याचं, वेड पसरलं तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकातच, दुर्मीळ अमेरिकन ४५च्या नकला निघायला लागल्या. फ्रँक विल्सनच्या १९६५च्या एका ४५ला २००९मध्ये २५,७४२ पौंड मिळाले. जिथे एवढा पैसा तिथे नक्कल होणारच. मूळ रेकॉर्डवर यंत्राचा शिक्का आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर खिळ्याने ओरखडल्यासारखे आकडे असतील तर संशय घ्या. काही अस्सल रेकॉर्डवरही आकडे हातानेच कोरलेले असतात, म्हणून खात्रीच्या प्रतीच्या फोटोशी ताडून पाहणं हाच उपाय.

लेबलचा रंगही बोलतो. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं फिकट निळं लेबल १९६८पर्यंतचं, चुटकी वाजवणाऱ्या बोटांचं पिवळं लेबल त्यानंतरचं. १९६६च्या गाण्याला पिवळं लेबल असेल तर ती नंतरची प्रत. ऐकायला झकास असेल, पण भाव पहिल्या प्रतीचा देऊ नका.

उलट गफलतही होते. रेकॉर्ड पातळ, वाकवली की थरथरते, म्हणून लोक तिला बनावट ठरवतात. आरसीए या अमेरिकन कंपनीने १९७०च्या सुमारास मुद्दामच पातळ तबकड्या काढल्या होत्या. कव्हरचा कोपरा छाटलेला किंवा त्यावर करवतीची खाच असेल तर तो उंदराचा पराक्रम नव्हे. न खपलेला माल स्वस्तात काढताना कंपन्या तशी खूण करत, आत बरेचदा न वाजवलेली नवी रेकॉर्ड असते.

परदेशातून मागवताना ग्रेड, म्हणजे रेकॉर्डच्या अवस्थेचा दर्जा, नीट वाचा. ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, ‘गुड’ म्हणजे खरखरीची तयारी ठेवा. ‘व्हीजी प्लस’च्या (‘व्हेरी गुड प्लस’ या वरच्या दर्जाच्या) खाली दुर्मीळ चीज असेल तरच उतरावं, असं माझं मत.

सिनेमाच्या रेकॉर्डची गंमत वेगळी. एलपीवर सिनेमातलंच संगीत असेल असं धरून चालू नका. ‘शाफ्ट’ (१९७१) सिनेमासाठीचं संगीत लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालं, एलपीसाठी मात्र आयझॅक हेजने ते मेम्फिसला स्टॅक्सच्या स्टुडिओत नव्याने केलं. आपल्याकडे ‘शोले’ची एलपी घाईत उचलाल तर घरी गाण्यांऐवजी संवाद ऐकू येतील, कारण संवादांची वेगळी एलपी निघाली होती आणि ती तुफान खपली. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने २००५मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’ आणि ‘अपराध’मधल्या गाण्यांचे तुकडे आपल्या गाण्यात वापरले. असल्या फंकी हिंदी रेकॉर्डच्या मागे आता परदेशी संग्राहकही असतात. त्यामुळे मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेता भाव सांगताना मोबाइल बघत असेल तर नवल मानू नका. घासाघीस करा, पण रेकॉर्ड बाहेर काढून बघितल्यावरच.

घरी आल्यावरच्या तक्रारी निराळ्या. सात इंची हिंदी रेकॉर्ड लावली आणि गायिका चिमणीसारखी चिवचिवली? ती बहुधा ‘सुपर-७’ असणार. दिसते ४५सारखी, फिरते मात्र ३३⅓ने. अमेरिकन ४५ हलकी लागते आणि टिचकी मारली की टणटण वाजते? मग ती नेहमीच्या व्हिनाइलची नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकची आहे. झिजलेल्या सुईने तिचा आवाज लवकर फाटतो, आणि फाटला की धुऊन परत येत नाही. ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. आणि ७८ची जाड सुई एलपीवर चुकूनही टेकवू नका.

पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. ती कोरडी घासली तर खोबणीत आणखी रुतते. एलपी असेल तर लेबल वाचवून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अगदी थोडा सौम्य साबण घालून, खोबणीच्या दिशेनेच पुसा. पीव्हीसीच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात, तेव्हा कागदाचं आतलं पाकीट बरं.

सुई एकाच जागी उडत असेल तर आधी भिंगाने कचरा बघा. चऱ्यावर नख अडकलं तर तो चरा ऐकू येणारच. सगळ्याच फंक रेकॉर्ड उडत असतील तर दोष रेकॉर्डचा नाही. जोरदार बेसची खोबण डावी-उजवीकडे मोठे हेलकावे घेते, आणि सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) तिच्यामागे धावू शकत नाही. अशा वेळी टोनआर्मवर नाणं ठेवण्याची जुनी युक्ती करू नका. कार्ट्रिजसोबतच्या (सुई बसवलेल्या डबीसोबतच्या) कागदावर सुईवर किती ग्रॅम वजन हवं ते लिहिलेलं असतं, बरेचदा दोनच्या आसपास. टोनआर्मचं वजन बदलता येत असेल तर छोट्या डिजिटल काट्यावर मोजून तेवढंच ठेवा. बदलता येत नसेल तर पुढच्या दोन-तीन रेकॉर्डचे पैसे प्लेअरसाठी बाजूला काढा.